चौतीस नवऱ्यांचा एकच ठसा

सांगून आलेल्या मुलाच्या बायोडाट्याला टायरचा ठसा जोडलेला होता आणि ठशाला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण होते. म्हणून आईने तो आधी भगवंतापुढे ठेवला आणि मग सन्मतीपुढे.

"बघ की," आई म्हणाली, "तू जाणकार. खाचा किती सरळ आहेत! भांग पाडल्यासारख्या."

सन्मती शेडबाळेने ठसा बघितला. दोन सेकंद लागले, तेही चष्मा कपाळावर होता म्हणून. ठसा त्याचाच होता.

"चांगलाय," तो म्हणाला आणि पोहे खाऊ लागला.

यात त्याने खोटं काही सांगितलं नव्हतं. ठसा खरोखर चांगला होता. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात त्याच्याइतका चांगला ठसा कुणाचाच नव्हता, आणि त्यावरच त्याचं पोट चालायचं. जयसिंगपूरच्या नांद्रेकर टायर्समध्ये तो टायर मळायचा. नव्या टायरांवर कुणाची तरी गाडी घेऊन चार हजार किलोमीटर फिरायचं, टायरला शिस्त लावायची आणि गाडी मालकाला परत करायची. मालक बहुतेक लग्नाचा असायचा.

हे असं का झालं, ते थोडक्यात सांगायला हवं.

टायरवरची नक्षी शोभेची नसते. कोरड्या रस्त्यावर तिचा काही उपयोग नाही. उलट गोटा झालेला टायर कोरड्या डांबराला सगळ्यात घट्ट धरतो, म्हणून तर शर्यतीच्या गाड्यांना तसले घालतात. खाचा असतात त्या पाण्यासाठी. पावसात चाकापुढे पाणी साठतं. त्याला बाजूला जायला वाट मिळाली नाही, की ते चाकाखाली पाचर मारतं आणि गाडी रस्ता सोडून पाण्यावर बसते. मग स्टिअरिंग फिरवा, ब्रेक दाबा किंवा णमोकार मंत्र म्हणा, तिन्हींचा परिणाम सारखाच. म्हणून पूर्वी माणसाला टायर निवडावे लागायचे. हायवेला सरळ पट्ट्यांचे, पावसाला बाणासारख्या खाचांचे, उसाच्या रानातल्या चिखलाला मोठ्या ठोकळ्यांचे. आपल्याकडे ही निवड एकाच निकषावर व्हायची : मेहुण्याने कुठले घातलेत.

मग शिकाऊ टायर आले. त्यांच्या रबराच्या साखळ्यांना असे जोड होते, की ते तापले की एकमेकांचा हात सोडत आणि निवले की ज्याचा मिळेल त्याचा धरत. त्यामुळे एकच टायर गरजेप्रमाणे खाचा उघडू किंवा मिटू शकायचा. अडचण एकच होती. खाच उघडायला अर्धा सेकंद लागायचा आणि डबकं काही अर्धा सेकंद आधी कळवत नाही. म्हणून टायरला माणूस ओळखायला शिकवलं. हा इसम डबक्याआधी साठ मीटरवर पाय उचलतो, हा वळणावर आधी ब्रेक दाबतो, हा फोन आला की डावीकडे सरकतो, हे सगळं टायर चार हजार किलोमीटरमध्ये शिकायचा आणि त्याप्रमाणे आधीच तयारीत राहायचा. तोवर तो कच्चा. मग पक्का.

पक्क्या टायरची नक्षी प्रत्येकाची वेगळी. ती बघून विमा कंपन्यांनी गुण दिले आणि हप्ते ठरवले. हे एकदा कळल्यावर वधूपित्यांना थांबवणं कुणाच्या बापाला जमणार नव्हतं. जो माणूस शंभर किलोमीटरमध्ये एकदाही कचकन ब्रेक मारत नाही, तो बायकोवरही हात उगारणार नाही, असा हिशोब निघाला. तो बरोबर आहे की चूक, हे कुणी तपासलं नाही. पत्रिकेचा तरी कुठे तपासला होता?

आणि सन्मतीला गाडी चालवताना काही वाटायचं नाही. कुत्रं आडवं आलं, तरी तो पाय आधीच उचललेला असल्यासारखा ब्रेक दाबायचा. कुणी शिवी दिली, तर वाट देऊन पुढे जाऊ द्यायचा. गाडी चालवतानाच असं नाही, एरवीही त्याला काही वाटायचं नाही. साधारण आठ वर्षं झाली असतील. लोक विचारत, काय झालं होतं? काहीच झालं नव्हतं. प्रेमभंग, अपघात, कर्ज, काहीही नाही. एका मंगळवारी आमटी बेचव लागली. आईने मीठ घातलं, पण फरक पडला नाही. कारण नसलेल्या दुःखाला आपल्याकडे कुणी सुट्टी देत नाही. सन्मतीनेही मागितली नाही. डॉक्टरांनी त्याला एक लांब नाव दिलं. बाळगोंडा नांद्रेकरांनी नोकरी दिली.

तर, तो चांगला ठसा त्याचा होता आणि त्याखाली नाव होतं श्रेणिक मगदूम. शिरोलीच्या फौंड्रीत सुपरवायझर. मुलगी दाखवायची होती ती सन्मतीची धाकटी बहीण चेलना, शिरोळच्या शाळेत भूगोल शिकवणारी.

श्रेणिकला तीनदा भेटून आल्यावर चेलना स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता एकटीच हसली. सन्मतीने दारातून बघितलं. त्या घरात एवढ्यात असला आवाज झाला नव्हता.

"काय गं?"

"काही नाही रे दादा. त्यानं हॉटेलात पाण्याच्या ग्लासात भजी बुडवून खाल्ली. चहा समजून."

"मग?"

"मग काय? म्हणाला, 'अशीच खातो मी.' आणि सगळी प्लेट संपवली की पाण्यात बुडवून!"

सन्मतीने विनोदाची दखल घेतली आणि टायरचं काय करायचं, याचा विचार करू लागला.

"करायचं काय त्यात?" बाळगोंडा नांद्रेकर म्हणाले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. हवा भरायच्या नळीवर पाय ठेवून ते उभे होते. "नांद्र्यापासून निपाणीपर्यंत चौतीस संसार तुझ्या टायरवर चाललेत. एकाची तरी तक्रार आली काय?"

"ते सगळे साखर कारखाना ते घर एवढंच जातात, अण्णा. हे दोघं लग्नानंतर मालवणला चाललेत. गगनबावड्याच्या घाटातनं."

"पावसात? मालवणला पावसाळ्यात काय आहे?"

"बंद असलेला समुद्र."

"हौस!" अण्णा म्हणाले. "बरं, मग?"

"टायरला सवय माझी. ते माझ्या पायाची वाट बघणार, मी साठ मीटर आधी उचलतो म्हणून. श्रेणिकरावांचा पाय आलाच नाही, तर खाचा उघडणार अर्धा सेकंद उशिरा. ऐंशीच्या वेगाला अर्धा सेकंद म्हणजे अकरा मीटर."

"घाटात ऐंशीनं कोण जातंय?"

"ते बघायला पाहिजे."

"सन्मती, तू बघायला जाऊ नको," अण्णा म्हणाले. "बघितलं की कळतं, आणि कळलं की सांगावं लागतं. हे बिनशिकाऊ जुने टायर मिळत असते तर तेच घाल म्हटलं असतं. आता त्यांना विमा नाही. गप्प बस. तुला ते छान जमतं."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सन्मती श्रेणिकच्या गाडीत डावीकडे बसला. निमित्त होतं कोल्हापूरला जाऊन फेट्यांचं कापड बघायचं. पाऊस सुरू होऊन पाच दिवस झाले होते.

श्रेणिक मगदूम जाडसर, हसरा आणि घामट माणूस होता. तो एका हाताने गाडी चालवायचा. दुसऱ्या हाताने बोलायचा. बोलण्यात हाताची फार गरज असायची.

"सन्मतीदादा, तुम्ही टायर लाईनचे म्हणे? मग माझा ठसा बघून खूश झाला असाल!"

"बघितला."

"अठ्ठ्याण्णव!" श्रेणिक म्हणाला आणि एका ट्रॅक्टरला डावीकडून ओलांडलं. ट्रॅक्टरवाला काहीतरी म्हणाला. श्रेणिकने त्याला हात केला, ओळखीचा असल्यासारखा.

"जरा हळू."

"होय की, चुकलं." श्रेणिकने गाडी हळू चालवली. सहा मिनिटं.

हातकणंगल्याच्या अलीकडे रस्त्याला उतार आहे आणि उताराच्या टोकाला पाणी साठतं. सन्मतीला ते दोनशे मीटरवरून दिसलं. श्रेणिकलाही दिसलं असावं, पण तो त्या वेळी हात वर करून चेलनाच्या बोलण्याची नक्कल करत होता. पाय उचलायला हवा होता तिथे उचलला गेला नाही. टायरांनी वाट बघितली. शहाण्यासारखी, शेवटपर्यंत वाट बघितली. मग पुढची चाकं पाण्यावर चढली आणि सगळा आवाज बंद झाला. रस्त्याचा घरघराट थांबला की गाडीत किती शांत वाटतं, असा एक विचार सन्मतीच्या मनात आला. गाडी रस्ता सोडून, कडेच्या विटांची ओळ ओलांडून, अर्ध्या गोल वळशाने एका बंद रसवंतीगृहाच्या छपराखाली जाऊन थांबली. अगदी टेबलाला लागून.

आतून लुंगीतला म्हातारा आला. त्याने गाडीकडे बघितलं, पावसाकडे बघितलं.

"सीझन संपला," तो म्हणाला. "ऊस नाही. लिंबू सरबत चालेल काय?"

"दोन द्या," सन्मती म्हणाला.

श्रेणिकचे ओठ पांढरे पडले होते. हात मात्र अजून चेलनासारखा वर धरलेला होता. त्याने तो हळूच खाली घेतला.

"असं कधी झालं नव्हतं हो," तो म्हणाला. "जुन्या टायरवर कधीच नाही. देवाशप्पथ."

"खरंय. जुने टायर तुमचे होते."

"म्हणजे?"

"हे माझे आहेत. तुमच्या वडिलांनी नांद्रेकरांकडून मळून घेतले. मळणारा मी. मळणारा मुलीचा भाऊ, हे त्यांना माहीत नव्हतं; गाडी तुमची, हे मला. ठसा आपला नाही, हे तुम्हाला होतं."

श्रेणिकने सरबताचा ग्लास हातात गोल फिरवला. म्हणाला, "बाबा म्हणाले, सगळेच करतात. माझा खरा ठसा एक्केचाळीसचा आहे. चार ठिकाणी नुसता ठसा बघून फोटो परत आले." मग एकदम म्हणाला, "घरी सांगणार?"

सन्मतीने विचार केला. सांगितलं, तर लग्न मोडणार आणि स्वयंपाकघरातला आवाज बंद होणार. नाही सांगितलं, तर गगनबावड्याला रसवंतीगृह नाही. सरळ कडा आहे. या दोन्हीमध्ये निवड करताना माणसाच्या पोटात काहीतरी व्हायला हवं, हे त्याला ऐकून माहीत होतं. त्याने थोडी वाट बघितली. झालं नाही. मग तो कामाला लागला.

"लग्नाला किती दिवस?"

"बावीस."

"रोज दोनशे किलोमीटर होतील?"

"रजा काढतो. पण कशाला?"

"टायर भट्टीत घालून कच्चे करतो. मग तुम्ही मळा. तुमचे तुम्ही. मी नुसता शेजारी बसतो."

"अहो, पण लग्नादिवशी चादरीवर गाडी घालतात! बायोडाट्यातला ठसा जुळवतात! सगळ्यांसमोर एक्केचाळीस निघेल!"

"निघेल."

"मग?"

"मग तेव्हाचं तेव्हा. पण कुणी मरणार नाही."

श्रेणिकने सरबत संपवलं. "तुम्ही असं बोलता जसं काय बसचं टाइमटेबल वाचताय," तो म्हणाला. पण हो म्हणाला.

सोमवारी नांद्रेकर टायर्स बंद असतं. त्या दुपारी सन्मतीने कुलूप उघडून चारही टायर भट्टीत लावले. एकशे चाळीस अंशांवर त्याची स्वतःची नक्षी वितळायला लागली. सरळ खाचा आधी वाकल्या, मग पुसट झाल्या, मग नाहीत. तो स्टुलावर बसून बघत होता. कुणाला आपली नक्षी पुसली जाताना बघायला मिळत नाही. बघण्यासारखं त्यात विशेष काही नाही.

पुढचे वीस दिवस ते दोघं फिरले. मिरज, निपाणी, राधानगरी, परत. मिरज, निपाणी, राधानगरी, परत. सन्मती फक्त एकच सूचना देत असे : "नेहमीसारखी चालवा." ही सूचना पाळणं श्रेणिकला फार जड जाऊ लागलं. शेजारी होणारा मेहुणा बसलेला असताना नेहमीसारखी गाडी कोण चालवतं?

"सभ्यपणा करू नका," सन्मती म्हणायचा. "टायर खोटं शिकतील."

"पण मला सुधारायचंय की!"

"सुधारा. पण खरे सुधारा. आठवडाभरासाठी सुधारणार असाल तर आत्ताच मारा कचकन ब्रेक."

नवव्या दिवसापासून गाडीचा आवाज बदलला. टायर गुरगुरायला लागले. अकराव्या दिवशी सन्मतीने वाकून हात फिरवला. खाचा रुंद उघड्या होत्या आणि मिटतच नव्हत्या. या माणसाचा भरवसा नाही, पाणी कधीही येईल, असं ठरवून टायर कायम तोंड उघडून बसले होते. कडेचे ठोकळे मक्याच्या दाण्यांसारखे वर आले होते. दिसायला भयंकर, झिजणार दुप्पट. पण या पायाला हाच टायर.

विसाव्या दिवशी ते हातकणंगल्याच्या उतारावरून गेले. श्रेणिक पुन्हा बोलत होता. गाडी पाण्यात शिरली, दोन्ही बाजूंना पाण्याच्या भिंती उठल्या आणि ती गुरगुरत बाहेर आली.

"आलं होतं काय पाणी?" श्रेणिकने विचारलं.

लग्न जयसिंगपुरातच होतं. सकाळी साडेनऊला कार्यालयाच्या अंगणात कुंकवाचं पाणी शिंपडलं, त्यापुढे दहा हात पांढरी चादर अंथरली. आईचा भाऊ, भरमूमामा, हातात बायोडाटा धरून उभा. श्रेणिकने फेटा सावरला आणि गाडी चादरीवरून नेली.

चादरीवर रान नांगरल्यासारखं दिसत होतं.

भरमूमामाने बायोडाटा उलटा धरून बघितला, मग सुलटा. मोबाइल काढून ठशावर धरला. मोबाइलने स्वच्छ मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "त्रेचाळीस."

"दोन वाढले," श्रेणिक पुटपुटला.

"फसवलं!" भरमूमामा ओरडला. "ह्यो ठसा ह्याचा न्हाई! मग बायोडाट्यातला कुणाचा?"

"माझा," सन्मती म्हणाला.

आई खुर्चीवर बसली. खुर्चीवर अक्षतांचं ताट होतं, ते कुणी काढलं नाही.

सन्मतीने सगळं सांगितलं. टायर मळणं, अर्धा सेकंद, अकरा मीटर, रसवंतीगृह, भट्टी. जसं होतं तसं, एका पट्टीत. तो "चौतीस गाड्या" म्हणाला तेव्हा मांडवातल्या बऱ्याच तरुण नवऱ्यांनी आपापल्या बुटांकडे बघितलं आणि त्यांच्या बायकांनी त्यांच्याकडे. अण्णा नांद्रेकर आचाऱ्याच्या दाराने बाहेर पडले. जाताना जिलेबीचा एक द्रोण मात्र त्यांनी घेतला.

चेलना शालू सावरत बाहेर आली. तिने आधी चादरीकडे बघितलं, मग श्रेणिककडे.

"हा तुमचा?"

"माझाच," श्रेणिक म्हणाला. "आधीचा नव्हता. मला माहीत होतं, सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही."

"का?"

"तुम्ही हसला होता. परत हसाल की नाही, खात्री नव्हती."

ती सन्मतीकडे वळली.

"दादा, भाऊ म्हणून विचारत नाही. टायरवाला म्हणून विचारते. ह्या टायरवर, ह्या माणसाबरोबर, घाटात जावं की नाही?"

सगळे सन्मतीकडे बघत होते. त्याच्या आईने आठ वर्षांत त्याला कुणाला सल्ला देताना ऐकलं नव्हतं.

"जावं," तो म्हणाला. "साठच्या वर जाऊ देऊ नको. गाडी आवाज करेल, तिला करू दे. टायर ह्यांना ओळखतात. ते ह्यांच्यावर विश्वास ठेवत नाहीत, म्हणून चांगले आहेत."

"आणि मी ठेवू?"

"ते टायरवाल्याला कळत नाही."

चेलनाने चादरीची दुमडलेली कड पायाने सरळ केली. मुहूर्ताला सात मिनिटं राहिली होती, हे भरमूमामाने दोनदा सांगितलं. मग ती श्रेणिकला म्हणाली, "मी पण नाही ठेवत. अजून नाही. बघू, किती किलोमीटर लागतात ते." आणि मांडवाकडे चालायला लागली. श्रेणिकला कळेना, हे हो की नाही. आईने खुर्चीवरून उठून साडीला चिकटलेल्या अक्षता झटकल्या आणि त्याला पुढे ढकललं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाराला दोघं मालवणला निघाले. मांडवाचं आवरून तीनला सन्मती दुकानात आला, तेव्हा रस्त्यावर गाड्यांची रांग होती. प्रत्येक गाडीत स्टिअरिंगवर एक नवरा आणि शेजारी एक बायको. अण्णा दारात उभे होते. दोन दिवस ते कुणाचे फोन घेत नव्हते आणि आता त्यांनी पुठ्ठ्यावर खडूने लिहिलं होतं : 'आपले टायर आपणच मळा. शेजारी बसायला अनुभवी माणूस मिळेल.'

"बघतोस काय?" अण्णा म्हणाले. "धंदा बुडाला म्हणून रडत बसू काय?"

पहिल्या गाडीतली बाई खाली उतरली. "दादा, आमच्या ह्यांचे आधी घ्या भट्टीत. दोन वर्षं झाली. मी म्हणते, ह्या माणसाला अठ्ठ्याण्णव दिले कुणी!"

"थांबा जरा," सन्मती म्हणाला.

त्याने घड्याळ बघितलं. सव्वातीन. गगनबावडा सोडला असेल. घाट उतरायला चाळीस मिनिटं, धुकं असलं तर तासभर. त्याने टायर उतरवायला घेतले. चार नट काढले आणि पुन्हा घड्याळ बघितलं. तीन सतरा. बाईने काहीतरी विचारलं, ते त्याला ऐकू आलं नाही. चार वाजता त्याने चेलनाला फोन लावला. घाटात रेंज नसते. पाच मिनिटांनी परत लावला. रेंज नसते, हे त्याला माहीत होतं. तरी परत लावला.

"अरे, पाना उलटा धरलायस," अण्णा म्हणाले.

सव्वाचारला फोन वाजला.

"उतरलो रे," चेलना म्हणाली. मागे टायरांची गुरगुर आणि श्रेणिकचं बोलणं, दोन्ही चालू होतं. "काय पाऊस म्हणतोस! एका वळणावर सरकली होती गाडी."

"किती?"

"मला काय माहीत! वीतभर असेल. मी ओरडले. मग धरलं टायरांनी."

"वेग किती होता?"

"पंचावन्न. मी काट्यावरनं नजर काढलेली नाही. डोळे दुखायला लागले. दादा?"

सन्मतीच्या हातातला पाना पडला. त्याने उचलला, तर पुन्हा पडला. शेवटी सन्मती पंक्चरच्या टबाच्या कडेवर टेकला. हे काय चाललंय, हे त्याला आधी नीट कळेना. सगळं तर झालं होतं, गाडी खाली उतरली होती, आता कसली भीती?

"दादा, आहेस ना?"

"आहे," तो म्हणाला. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी आला. "जेवून घ्या."

"सव्वाचारला?"

"मग चहा घ्या."

फोन बंद झाला. पहिल्या गाडीतली बाई पदर खोचून अजून तिथेच उभी होती. तिने त्याच्याकडे निरखून बघितलं.

"दादा, थंडी वाजतीय काय? हात बघा कसे थरथरायलेत."

सन्मतीने हात बघितले. खरंच थरथरत होते. त्याने ते मांडीवर ठेवले, तर मांडीही थरथरत होती.

"व्हय," तो म्हणाला. "जरा बसतो. रांग मोडू नका."